जावा बदलण्याआधी स्प्रिंग बघा

महोदय,

जुन्या वेब-प्रणाली जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्ती ८ वरून ११ किंवा १७ वर नेण्याची कामे नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कपासून मिहानपर्यंत चालूच असतात. जावा नवी म्हणजे सुरक्षा वाढली, असा ग्राहकाचा समज असतो. स्प्रिंग फ्रेमवर्क, म्हणजे प्रणाली ज्यावर उभी असते तो तयार सांगाडा, जुनेच राहिले असेल तर मात्र नेमके उलटे घडते. पतसंस्थेच्या किंवा रुग्णालयाच्या संगणक विभागाला त्याचा पत्ताही लागत नाही.

फॉर्ममधली नावे स्प्रिंग थेट जावा ऑब्जेक्टच्या गुणधर्मांना जोडते. 'पत्ता.गाव' असे आले की आधी पत्ता गाठायचा, मग त्यातले गाव. प्रत्येक ऑब्जेक्टला 'क्लास' हा गुणधर्म असतोच आणि तिथून क्लासलोडर (कोड मेमरीत आणणारा भाग) हाती लागतो, म्हणून २०१० मध्ये ती वाट बंद केली गेली. २०१७ साली जावा ९ ने क्लासला 'मॉड्यूल' हा नवा गुणधर्म जोडला आणि 'क्लास.मॉड्यूल.क्लासलोडर' असा वळसा मोकळा झाला. मार्च २०२२ मध्ये उघड झालेली स्प्रिंगफोरशेल ही सुरक्षा-त्रुटी ती हीच. टॉमकॅट या वेब-सर्व्हरवर वॉर फाइल (प्रणालीचे एकत्र बांधलेले गाठोडे) टाकलेली असेल, तर हल्लेखोर या वाटेने अ‍ॅक्सेस लॉगचे (आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीचे) फोल्डर, एक्स्टेंशन आणि मजकुराचा साचा बदलतो. मग लॉगऐवजी वेबअ‍ॅप्सच्या रूट फोल्डरमध्ये जेएसपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारे पान, तयार होते आणि ब्राउझरमधून सर्व्हरला हुकूम देता येतात.

म्हणून आधी स्प्रिंग किमान ५.३.१८ किंवा ५.२.२० वर न्या, जावा त्यानंतर. सर्व्हरवरच्या 'वेब-आयएनएफ'मधले 'लिब' फोल्डर उघडून स्प्रिंग-बीन्स जारचा (कोडच्या फाइलचा) आवृत्तीचा आकडा डोळ्यांनी बघा. पॉम फाइलवर, म्हणजे मूळ कोडसोबतच्या आवृत्त्यांच्या यादीवर, विसंबू नका, चालू असलेली वॉर जुनी असू शकते. लगेच जमत नसेल तर टॉमकॅट ९.०.६२ किंवा ८.५.७८ ही वाट अडवते. 'डिसअलाउड फील्ड्स'वर, म्हणजे फॉर्ममधली ठराविक नावे नाकारणाऱ्या यादीवर, भागवणाऱ्यांनी प्रत्येक कंट्रोलर (विनंती हाताळणारा कोड) तपासावा: एखाद्याने स्वतःच्या इनिट-बाइंडरमध्ये (नावे जोडण्याचे नियम ठरवणाऱ्या भागात) वेगळी यादी दिली असेल, तर सर्वांसाठीची बंदी तिथे लागू राहत नाही.

अ‍ॅक्सेस लॉग चाळून निर्धास्त होऊ नका, पोस्ट पद्धतीने फॉर्ममधून आलेला मजकूर त्यात नसतो. रूटमधली अनोळखी जेएसपी आणि लॉगमध्ये पडलेला खंड शोधा.

शहरातील संस्थांना कळकळीची विनंती, की एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारातच प्रत्येक जारचे नाव आणि आवृत्ती यांची यादी मागा, आणि दर बदलानंतर ती नव्याने घ्या. घुसखोरी लक्षात आल्यावर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायला ६ तासच मिळतात; तेव्हा ही यादी हाताशी हवी.

— जावा प्रणालींची सुरक्षा तपासणारे, नागपूर