शवविच्छेदनाआधी सीटी स्कॅन हवा

आमच्या कोपरीत मध्यंतरी एक तरुण झोपेतच गेला. शवविच्छेदनानंतर आई-वडिलांच्या हाती कागद पडला : 'व्हिसेरा जतन, अंतिम मत राखीव'. व्हिसेरा म्हणजे रासायनिक तपासणीसाठी काढून ठेवलेले अवयवांचे नमुने; त्यांचा अहवाल यायला काही महिने गेले. तोवर विम्याचा दावा अडकला आणि चाळीतली नशेची कुजबुज त्या माउलीला रोज ऐकावी लागली.

अशा मृत्यूंत आधी सीटी स्कॅन व्हायला हवा. तुडुंब भरलेले मूत्राशय, फुफ्फुसांत साचलेले पाणी आणि मेंदूची सूज ही तिन्ही एकत्र दिसली, तर अफूजन्य पदार्थाचा संशय बळावतो. पोटातल्या न विरघळलेल्या गोळ्याही काही वेळा दिसतात. स्कॅन पदार्थाचे नाव वा मात्रा सांगत नाही. त्यासाठी रक्त, लघवी, व्हिसेरा तपासावाच लागतो. स्कॅनमध्ये काही दिसले नाही म्हणून नशा नव्हतीच, असेही मानू नये. पण तपासाला दिशा पहिल्याच दिवशी मिळते. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये २०२१ पासून ही सोय आहे. ठाणे जिल्ह्यात, रुग्णांची गर्दी ओसरल्यावर का होईना, सरकारी यंत्रावर निदान संशयास्पद मृत्यूंचे स्कॅन कधी सुरू करणार, हे आरोग्य खात्याने सांगावे.

– एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)