डभोई रोडवर थांबलेल्या काकांना

काका, नमस्कार.

फोनवर मी दोनदा आभार मानायला गेले आणि दोन्ही वेळा तुम्ही "ते राहू दे, आता सेल्फ मारताना काटा हलतो का ते सांग" म्हणून विषय गाडीवर नेलात. म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्या सूनबाईंनी मोबाईलवर वाचून दाखवीन असं कबूल केलंय, तेव्हा शेवटपर्यंत ऐकून घ्या.

बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं मागचं सांगते. आमची गाडी 2006 ची, पेट्रोल. मी वडोदऱ्यातल्या मांजलपूरहून रोज पादऱ्याला शाळेत जाते, बारावीला फिजिक्स शिकवते. एप्रिलमध्ये एका दुपारी परत येताना अटलादऱ्याच्या जवळ गाडी चालता चालता बंद पडली. आचका नाही, आवाज नाही, कोणी चावी काढून घ्यावी तशी बंद. स्टेअरिंग एकदम दगडासारखं जड झालं, ब्रेक पहिल्या दोन वेळा लागला आणि मग पेडल कडक, मागे खडीचा डंपर. कशीबशी कडेला घेतली. सेल्फ मारला तर इंजिन छान फिरतंय पण पकडतच नाही. अर्ध्या तासाने सहज चावी फिरवली तर पहिल्या झटक्यात चालू, जणू काही झालंच नव्हतं.

मग गॅरेज सुरू झालं. गाडी तिथे पोचायची तोवर थंड आणि चालू. "बेन, गाडी तो चाले छे ने" हे वाक्य मी महिन्याभरात इतक्या वेळा ऐकलं की शेवटी आपल्यालाच भास होतोय की काय असं वाटायला लागलं. स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. मग अंदाज. पेट्रोल पंप बदलला, आठवड्याने फिल्टर आणि प्लग, मग बॅटरी, साडेनऊ हजार गेले आणि गाडी तशीच बंद पडायची. मी विचारलं की पंपच खराब होता हे कशावरून कळलं, तर उत्तर माझ्याकडे न बघता मिस्टरांकडे बघून दिलं गेलं. ते मला खूप लागलं काका, पैशांपेक्षा जास्त लागलं.

आणि मग मे महिन्यातला तो रविवार. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला जायचं होतं, मिस्टर गावाला गेलेले, आम्ही दोघीच निघालो. केलणपूर गेलं आणि थोड्याच वेळात गाडी गेली. 42 डिग्रीचं ऊन, आईंचं वय 76, आणि मी परत परत सेल्फ मारत होते कारण दुसरं काही सुचत नव्हतं. तेवढ्यात तुमची स्कूटर थांबली. आईंनी "दत्तगुरू, आता तुम्हीच बघा" असं मोठ्याने म्हटलेलं तुम्ही ऐकलंत आणि मराठीतच म्हणालात, "ताई, आधी सेल्फ मारणं बंद करा, बॅटरी उतरेल नाहीतर मोटर जळेल."

त्यानंतरचा सव्वा तास मला मिनिटामिनिटाने आठवतो.

तुम्ही बॉनेट उघडायच्या आधी आईंना रस्त्यापासून लांब लिंबाखाली बसवलंत, गाडीच्या मागे लांबवर त्रिकोण ठेवायला लावलात, आणि मग मला प्रश्न विचारलेत. मलाच. बंद पडताना धक्के खात पडली की एकदम? टेंपरेचर किती होतं? डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचा, जो महिनाभरात एकानेही विचारला नव्हता, गाडी गिअरमध्ये पळत असताना बंद पडली तेव्हा आरपीएमचा काटा गाडीबरोबर हळूहळू खाली आला की एकदम शून्यावर पडला? मला लख्ख आठवत होतं, एकदम पडला होता, गाडी चाळीसने पळत असताना काटा शून्यावर. तुम्ही म्हणालात, "चाकं इंजिनला फिरवतायत आणि काटा म्हणतोय इंजिन उभं आहे, म्हणजे इंजिन फिरतंय ही बातमीच वर पोचत नाहीये." एवढ्या एका वाक्याने मला हायसं वाटलं. माझं निरीक्षण कोणाच्या तरी कामाला आलं होतं.

मी म्हटलं काका थोडं थांबू, थंड झाली की होईल चालू, घरी जाऊ. तर तुम्ही म्हणालात, "चोर घरात आहे तोवरच दार लावायचं. थंड झाली की तो निघून जातो आणि मग लोक सामान बदलत बसतात."

मग एकेक. चावी ऑन केली, इंजिनचा पिवळा दिवा लागला, म्हणजे कॉम्प्युटरला करंट मिळतोय. मागच्या सीटवर कान लावून ऐकायला सांगितलंत, दोन सेकंद घूं असा आवाज येऊन थांबला, म्हणजे पंप जिवंत आहे (जुनाही जिवंतच असणार, तो मी बदलून टाकून दिला). एक प्लग काढलात, तो कोरडा ठणठणीत, इतका सेल्फ मारूनही पेट्रोलचा वास नाही. तुमच्या पिशवीतला दुसरा प्लग वायरीला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवलात, मला हात न लावता लांबून बघायला सांगितलंत आणि मी सेल्फ मारला. ठिणगी नाही. आणि आरपीएमचा काटा जागचा हललाही नाही. ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही, दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी कशा मरतील, तेव्हा दोघींना हुकूम देणारा एकच कोणीतरी गप्प बसलाय, असं तुम्ही म्हणालात आणि गिअरबॉक्स इंजिनला जिथे जोडलाय तिथे वरून हात घालून वायरीचा एक छोटा कपलर सोडवलात. क्रँक सेन्सर, इंजिन फिरतंय ही बातमी कॉम्प्युटरला देणारा.

मीटरच्या दोन्ही पिना माझ्या हातात दिल्यात. ओहमवर आकडा नाही, नुसतं ओएल, सर्किट कुठेतरी उघडं आहे याची खूण. म्हणजे आत तार तुटलेली. मग आईंच्या बाटलीतलं पाणी रुमालावर घेऊन तो ओला रुमाल सेन्सरवर धरून बसलात, पाच-सात मिनिटं, चटके बसत होते तरी. आणि माझ्या हातातल्या मीटरवर आकडे उडायला लागले, येतात, जातात, येतात आणि मग 540 ओहमवर स्थिर झाले. तुम्ही कपलर परत बसवलात, मी चावी फिरवली, काटा हलला आणि गाडी चालू.

मी तिथे रडले त्याचं कारण तुम्हाला कदाचित वेगळं वाटलं असेल. काका, मी गेली 17 वर्षं मुलांना फॅरेडे शिकवतेय. लोहचुंबक, तारेचं वेटोळं, बदलतं चुंबकक्षेत्र, 1831. आणि तेच सगळं माझ्या गाडीत बसलेलं होतं. दात असलेली एक चकती इंजिनबरोबर फिरते, प्रत्येक दात चुंबकासमोरून जाताना वेटोळ्यात छोटासा व्होल्टेज उठतो, एका जागी दात मुद्दाम गाळलेले असतात, बऱ्याच गाड्यांत 60 च्या जागेतले 2, आणि त्या रिकाम्या जागेवरून कॉम्प्युटरला कळतं की पिस्टन कुठे आहे, ठिणगी कधी द्यायची. हे तुम्ही मला रस्त्याच्या कडेला धुळीत काडीने काढून दाखवलंत. आणि तुम्हाला ते पुस्तकातून माहीत नव्हतं, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, अख्खं आयुष्य मोटरी वाइंडिंग करून माहीत होतं. केसासारखी बारीक तार, कुठेतरी तडकलेली, गरम झाली की टोकं लांब जातात, थंड झाली की परत चिकटतात. "मोटर थंडी टेस्ट करून गिऱ्हाइकाला द्यायची नाही, तापवून द्यायची," हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

तुम्ही हेही बजावलंत की तीन तारांचा सेन्सर असेल तर असा ओहमवर मीटर लावायचा नाही, तो वेगळा प्रकार असतो, त्यात काही कळणार नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण वाचून कोणीतरी उद्या मीटर घेऊन बसेल.

आईंनी दशम्या आणि लसणाची चटणी पुढे केली तेवढीच तुम्ही घेतलीत, पैशांचं नाव काढू दिलं नाहीत. गरुडेश्वर आज नको म्हणालात आणि कपुराई चोकडीपर्यंत स्कूटरवरून आमच्या मागे मागे आलात, त्या उन्हात. तिथून हात करून वळलात ते आई अजून सगळ्यांना सांगतात.

नवीन सेन्सर साडेअकराशेला मिळाला. तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलं होतं त्याप्रमाणे कपलरच्या पिना साफ करून घेतल्या, वायर सायलेन्सरपासून लांब बांधून घेतली. या वेळी गॅरेजमध्ये मी समोर उभी राहिले आणि नवीन सेन्सरचा आकडा आधी मीटरवर बघितला, मगच बसवू दिला. त्याला आता तीन महिने होतील, एकदाही बंद पडलेली नाही. जूनमध्ये गरुडेश्वरला जाऊन आलो, नर्मदेच्या घाटावर आईंनी तुमच्यासाठी हात जोडले, आणि येताना त्या लिंबाखाली गाडी थांबवायला लावली.

जुना सेन्सर मी टाकला नाही, तो शाळेच्या लॅबमध्ये आहे. मुलं त्याला मीटर लावतात आणि हेअर ड्रायरने तापवतात, 540 वरून आकडा उडून ओएल झाला की ओरडतात. मागच्या आठवड्यात एका मुलीने विचारलं की तार नेमकी कुठे तुटलीय हे वेटोळं न उलगडता शोधता येईल का. मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येईल. श्रावण संपला की एका शनिवारी या काका, सकाळची शाळा असते, मी गाडी घेऊन न्यायला येते.

तुमची,
केलणपूरच्या पुढे भेटलेली ताई