बेल यांनी आधी नोकरीचे विचारले होते

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार. दर डिसेंबरात अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येते आणि मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवले जातात. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या मोर्चात मीही तिथे रस्त्यावर बसले आहे. मागण्यांचे निवेदन आपल्यापर्यंत पोचतेच. मला जे सांगायचे आहे ते मात्र निवेदनाच्या चार ओळींत बसत नाही, म्हणून हे पत्र.

मी नऊ वर्षे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, भौतिकशास्त्र शिकवते. माझी पीएच.डी. क्वांटम सिद्धांताच्या, म्हणजे अणू आणि त्याहून लहान कणांच्या नियमांच्या, मुळाशी असलेल्या प्रश्नांवर आहे. मोजमाप म्हणजे नेमके काय घडते? आपण मोजण्याआधी कणाकडे तो गुणधर्म असतो का? क्वांटमची गणिते शंभर वर्षे अचूक उत्तरे देत आली आहेत, पण ती जगाबद्दल काय सांगतात यावर जाणकारांचे आजही एकमत नाही. हे काम कागद-पेन्सिलीने होते. यंत्र लागत नाही, वेळ लागतो.

वर्गात मी एक प्रयोग दरवर्षी करते. पोलरॉइड म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पार जाऊ देणारी काच. टॉर्चसमोर असे दोन पोलरॉइड एकमेकांशी काटकोनात धरले की पलीकडे अंधार होतो. मग दोघांच्या मधे तिसरा पोलरॉइड 45 अंशांवर तिरका सरकवायचा. उजेड परत येतो! अडवणारी काच एक वाढवली आणि प्रकाश वाढला. गेल्या वर्षी भिवापूरकडच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, मग हा उजेड आतापर्यंत होता कुठे जी?" प्रकाश ही लहर मानली तर याचे उत्तर सोपे आहे. पण एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, पाठवला तरी हेच होते, आणि तिथे तिचा प्रश्न अवघड होतो. पार जायचे की अडायचे, हे फोटॉन निघतानाच ठरवून आलेला असतो का?

याच प्रश्नाला 1964 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी हिशेबात बसवले. एकाच स्रोतातून निघालेले जोडीचे दोन फोटॉन दोन दिशांना जातात. दोन्हीकडचे पोलरॉइड एकाच कोनात असले की दोघांचे उत्तर (पार गेला की अडला) नेहमी सारखे. एक पोलरॉइड 22.5 अंश फिरवला की शंभर जोड्यांपैकी साधारण 15 जोड्यांत उत्तरे जुळत नाहीत. आता दुसराही उलट दिशेने तेवढाच फिरवा. फोटॉन उत्तरे सोबत घेऊन निघाले असतील आणि इकडच्या काचेचा तिकडे परिणाम होत नसेल, तर न जुळणाऱ्या जोड्या फार तर 30 होतील. 15 आणि 15. क्वांटम सिद्धांत म्हणतो, 50. आणि प्रयोगात खरोखर 50 च्या हिशेबानेच उत्तरे येतात. तिसरीतल्या मुलाला कळणारी बेरीज निसर्ग मोडतो. हे मी पहिल्यांदा स्वतः मांडून पाहिले त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

महोदय, हा शोध लागला कसा, ते आपण जरूर लक्षात घ्यावे. बेल जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत पगारी नोकरीत होते, आणि त्यांचे नेमून दिलेले काम हे नव्हतेच. सर्नमधून रजा घेऊन ते अमेरिकेत गेले होते, त्या काळात त्यांनी हा सहा पानांचा निबंध लिहिला. तो छापला एका नव्या नियतकालिकात, कारण नावाजलेले नियतकालिक छपाईचे पानागणिक पैसे घेई आणि पाहुणे म्हणून राहत असताना यजमान संस्थेकडे ते मागणे बेल यांना प्रशस्त वाटले नाही. ते नवे नियतकालिक काही वर्षांत बंदही पडले. निबंधाकडे कितीतरी दिवस कोणी ढुंकून पाहिले नाही. 1972 मध्ये जॉन क्लाउझर यांनी स्टुअर्ट फ्रीडमन यांच्यासोबत बर्कलेला बेल यांचा हिशेब तपासणारा पहिला प्रयोग केला, तरी क्लाउझर यांना मनासारखी प्राध्यापकी मिळाली नाही. या विषयाचा नाद म्हणजे करिअरची माती, असेच तेव्हा मानत.

1975 मध्ये आलां आस्पे नावाचे तरुण संशोधक प्रयोगाचा बेत घेऊन बेल यांना भेटायला जिनिव्हाला गेले. बेल यांनी सगळे ऐकून घेतले आणि आधी विचारले ते एवढेच: तुमची नोकरी कायम आहे का? आस्पे यांची होती. मग बोलणे पुढे सरकले. त्यांचे प्रयोग 1982 पर्यंत पार पडले. 2022 चे भौतिकशास्त्राचे नोबेल आस्पे, क्लाउझर आणि अँटोन झायलिंगर या तिघांना मिळाले. बेल 1990 मध्येच गेले होते.

"परमनंट आहे का?" हा प्रश्न मला नातेवाईकांपासून घरमालकापर्यंत सगळे विचारतात. बेल यांनी तो काळजीपोटी विचारला होता. ज्याच्या पोटाची सोय नाही त्याने या वाटेला लागू नये, असे त्यांना वाटे.

आमची नेमणूक सत्रापुरती असते. घेतलेल्या तासांचे पैसे, तेही उशिरा. उन्हाळ्यात काहीच नाही. संशोधनासाठी पगारी रजा हा शब्द आमच्या आदेशात नसतो. पूर्णवेळ नियमित नेमणूक नसल्यामुळे यूजीसीच्या नियमानुसार मी पीएच.डी.ची मार्गदर्शक होऊ शकत नाही. एका महाविद्यालयातल्या मुलाखतीत मला दोनच प्रश्न विचारले: याचा उपयोग काय, आणि मटेरियल सायन्समध्ये काही केले आहे का? नागपुरात त्या विषयात अनेक वर्षे भक्कम काम झाले आहे, मला त्याचा आदर आहे. पण माझा विषय समजणारे त्या समितीत कोणी नव्हते, हे मला खटकले.

उपयोगाचेही सांगते. 19 एप्रिल 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, 6003.65 कोटी रुपयांची. देशात 2000 किलोमीटरपर्यंत सुरक्षित क्वांटम संपर्क हे त्यातले एक उद्दिष्ट. 1991 मध्ये आर्टुर एकर्ट या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवले की चोरून ऐकणारा पकडायला बेल यांचीच कसोटी वापरता येते. म्हणजे ज्याला कोणी विचारत नव्हते त्या सहा पानांतली बेरीज आज गुप्त संदेशांची राखण करू शकते. 1964 मध्ये उपयोग विचारला असता तर बेल यांना तो सांगता आला नसता.

मिशनची केंद्रे बंगळूर, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या संस्थांकडे आहेत. नागपूरला पाचवे द्या, असे मी म्हणत नाही. मंजूर असलेली प्राध्यापकांची रिक्त पदे भरा, हीच पहिली मागणी. भरताना सैद्धांतिक विषयाच्या उमेदवारासमोर त्या विषयाचा एक तरी जाणकार बसवा. आणि तोवर सीएचबीवरच्या शिक्षकांना निदान बारा महिन्यांचे मानधन आणि त्यातले काही आठवडे संशोधनासाठी द्या. बेल यांच्याकडे जे होते त्याहून वेगळे मी काही मागत नाही: पगार आणि थोडी रजा.

ती भिवापूरची मुलगी आता एम.एस्सी.ला आहे. परवा प्रयोगशाळेत पोलरॉइड डब्यात भरताना तिने विचारले, "मॅडम, मी यातच पीएच.डी. करू का?" मी तिला अधिवेशन होईपर्यंत थांब म्हटले आहे. तिला काय सांगू, हे आपण कळवावे.

आपली विश्वासू,
तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापिका,
नागपूर