खुणांतून जन्मलेली भाषा

महोदय,

प्राण्यांनाही आपल्यासारखीच भाषा असते, असे हल्ली सर्रास ऐकू येते. मला ते पटत नाही. केनियातील अंबोसेलीच्या व्हर्वेट माकडांवरचे संशोधन १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. बिबट्यासाठी त्यांची एक हाक, गरुडासाठी दुसरी, सापासाठी तिसरी. विलक्षणच! पण ‘काल इथे बिबट्या नव्हता’ एवढे सांगायला या हाका पुरत नाहीत.

आता मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशाकडे पाहा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या राजधानीत, मानाग्वात, कर्णबधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने शाळेत एकत्र आली. शिक्षक ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकवू पाहत होते. त्यात फारसे यश आले नाही. मुलांनी मात्र मैदानात, शाळेच्या बसमध्ये आपापल्या घरच्या खुणा एकमेकांत मिसळल्या. पुढच्या वर्षांत दाखल झालेल्या चिमुरड्यांनी त्या खुणांना व्याकरण दिले. कुणीही न शिकवता! आज ती स्वतंत्र, परिपूर्ण भाषा आहे. भाषेचा जन्म अभ्यासकांना असा डोळ्यांदेखत क्वचितच पाहायला मिळाला असेल.

आपल्याकडे अजूनही काही घरांत कर्णबधिर मुलाला ‘हातवारे करू नकोस, बोल’ असे दटावले जाते. कृपया त्याचे हात धरू नका.

– एक शिक्षिका, सांगली