झेंड्याला कात्री लावू नका गं

बॅलरॅट (ऑस्ट्रेलिया), रविवार संध्याकाळ

प्रिय चिमे,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज बुधवारी ड्युटीवर, जेवणाच्या सुट्टीत ऐकला आणि तेव्हापासून उत्तर द्यायचं म्हणतेय, पण हे व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठ्याने टायपायचं काम नाही म्हणून सरळ पत्रच लिहायला घेतलं. चहा घेऊन बस, वेळ लागेल.

घर पाडायचं ठरलं ते ठीकच झालं. माळवद गळायचं ते मी पण बघितलंय, काकू रात्री उठून पातेली लावायच्या ते पण. पण ट्रंकेतला तो चरख्याचा झेंडा, पणजोबा बेचाळीस साली वडूजच्या मोर्चात घेऊन गेलेले तो, त्याचे चार तुकडे करून चार भावांच्या चार हॉलमध्ये चार फ्रेमा लावायच्या, ही जी तुझ्या चुलतभावाची आयडिया आहे ना, ती कृपा करून थांबव. का ते सांगते, पण लांबून वळसा घालून सांगणार, तुला माझी सवय माहितीय.

मी जिथे काम करते त्या वृद्धाश्रमात (इथे एज्ड केअर म्हणतात) एक आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढचे, जन्म इथलाच. मी इंडियातून आले कळल्यावर सगळे क्रिकेट काढतात, यांनी काढलं नाही. म्हणाले, तू आमचा झेंडा बघितलास का? मी म्हटलं कुठला, तो निळा, कोपऱ्यात इंग्लंडचा असलेला? तर असे वैतागले! तो नव्हे, युरेकाचा, १८५४ च्या खाणवाल्यांच्या बंडातला. लिडियार्ड स्ट्रीटवरच्या आर्ट गॅलरीत जा आणि बघून ये, १९७३ साली तो तिथे लावला तेव्हा पंतप्रधान व्हिटलम स्वतः आले होते आणि मी गर्दीत होतो.

म्हणून मागच्या रविवारी गेले. नवरा म्हणाला या थंडीत कोण जातं, आणि खरंय, जूनमध्ये बॅलरॅटचा वारा असा असतो की कानटोपी, मफलर, वर हुड, तरी डोकं ठणकतं. गॅलरीत हीटर असतो आणि कायमच्या कलेक्शनला तिकीट नसतं, म्हणजे थंडीत यापेक्षा चांगली जागा नाही. पण आत जाऊन काउंटरवरच्या मुलीला विचारलं झेंडा कुठे, तर ती गोड हसली आणि म्हणाली तो इथे नाही, २०१३ पासून युरेका सेंटरमध्ये असतो, गावाच्या दुसऱ्या अंगाला. आजोबांचं कॅलेंडर दहा वर्षं मागे! पण मग ती मुलगी पुढे म्हणाली, मालकी मात्र आमचीच आहे हं. ते ज्या ठसक्यात म्हणाली ना, मला आपल्या वाईच्या मावशीच आठवल्या, पाटल्या सुनेच्या हातात आणि हक्क यांचा.

आता आलेच होते तर फिरले. तुला वाटेल गावातली गॅलरी म्हणजे दोन खोल्या आणि शाळेच्या पोरांची चित्रं. तसं नाही गं. ऑस्ट्रेलियात राजधान्यांच्या बाहेरची ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी गॅलरी. १८८४ साली गावातल्या लोकांनी मिळून काढली, मग खास तिच्यासाठी इमारत बांधली, ती १८९० ला उघडली. उद्घाटन आल्फ्रेड डीकिननी केलं, जे पुढे पंतप्रधान झाले, आणि गंमत म्हणजे त्यानंतर लगेच हा माणूस आपल्याकडे कालवे आणि धरणं बघायला आला होता. पंतप्रधान नंतर झाला, आधी पाटबंधारे! असो.

इथे सोनं सापडलं १८५१ ला, आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत तंबूंच्या चिखलात गॅलरी उभी. जेम्स ऑडी म्हणून एक होते, पहिल्या पहिल्या सोनं खणणाऱ्यांतले, नंतर बँकवाले, १८५६ साली इथल्या म्युनिसिपालिटीचे पहिले अध्यक्ष. गॅलरीमागे मुख्य हात त्यांचा. त्यांनी काय केलं बघ. युजीन फॉन गेरार्ड म्हणून एक चित्रकार, व्हिएन्नाचा, १८५३ मध्ये तोही सोनं खणायला इथे आलेला, वर्षभर खणलं, हाताला फारसं काही लागलं नाही, पण बसल्या बसल्या स्केचबुकं भरली. नंतर तो मोठा लँडस्केपवाला झाला, मेलबर्नच्या गॅलरीत शिकवलं, आणि १८८२ ला युरोपात परत गेला. तिथे त्याला ऑडींची ऑर्डर गेली, की आमचं बॅलरॅट तेव्हा जसं होतं तसं काढून दे. आणि त्याने १८८४ ला, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बसून, तीस वर्षांपूर्वीच्या पेन्सिलीच्या रेघांवरून ते काढलं. ते चित्र इथे भिंतीवर आहे.

मी त्याच्यासमोर किती वेळ उभी होते विचारू नकोस. लांबून बघितलं तर नुसता पिवळट उन्हाळा आणि टेकड्या. जवळ गेलीस की तंबूच तंबू, चुन्याचे ठिपके टाकल्यासारखे, आणि त्यांच्यामधून मुंगीएवढी माणसं, ज्याची त्याची कामं चाललेली. मला आपली पंढरीची वाट आठवली, वाखरीच्या पालांसारखं, फक्त यांचा विठोबा जमिनीखाली. आणि डोक्यात एकच, की काढणारा यातल्याच एका तंबूत राहिलेला, म्हणून प्रत्येक तंबू वेगळा आहे. ऑडींना हे हवं होतं कारण त्यांच्या डोळ्यांदेखत ते सगळं पुसलं जात होतं, तंबू गेले, ओढे गढूळ झाले, दगडी बँका आल्या. त्या चित्रात जे मावलं नाही ते पण सांगते, की ही सगळी जमीन इथल्या मूळच्या वाडावरुंग लोकांची, बॅलरॅट हे नावच त्यांचं, कोपरावर रेलून विसावायची जागा असा अर्थ सांगतात. याच चित्रकाराचं दुसरं एक चित्र शेजारच्या जिलाँगच्या गॅलरीत आहे, १८५४ चं, त्यात हे लोक खाणवाल्यांना पोसम या झाडावरच्या प्राण्याच्या कातड्याच्या गोधड्या विकताना दिसतात. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावायला हवी होती असं मला वाटतं, पण मला विचारतंय कोण.

बाकी दालनं पण भारी. एक अवाढव्य चित्र आहे, अ‍ॅजॅक्स आणि कॅसँड्रा, सॉलोमन नावाच्या इंग्रज चित्रकाराचं १८८६ चं, एक दांडगा ग्रीक एका बाईला देवळातून उचलून नेतोय आणि तिच्या अंगावर जवळपास काहीच नाही. त्या काळच्या कडक चर्चवाल्या गावाने हे विकत घेतलं याचं मला फार हसू आलं, पुराणातलं आहे म्हटलं की सगळं चालतं, इथेही आणि आपल्याकडेही. जवळच्या क्रेसविकच्या लिंडसे भावंडांची पण चित्रं आहेत, एका घरातली पाच-पाच मुलं चित्रकार, आईबापांचं काय झालं असेल. आणि क्राउच नावाच्या एका खासदार-कर्नलने दिलेल्या मध्ययुगातल्या हस्तलिखित पोथ्या आहेत, कातड्यावर लिहिलेल्या, सोन्याचा वर्ख लावलेल्या. त्या कायम उघड्यावर नसतात, उजेडाने रंग जातो. २०२३ मध्ये ऑक्सफर्डहून प्री-रॅफेलाइट म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज चित्रकार मंडळाची ड्रॉइंग्ज आली होती तेव्हा पण मी गेले होते, तेव्हा सगळीकडे इतका मंद उजेड की मला वाटलं लाइटबिलाचा प्रॉब्लेम आहे. तर नाही, कागदावरच्या कामाला पन्नास लक्सच्या वर उजेड ठेवत नाहीत. पन्नास लक्स म्हणजे साधारण आपल्या देवघरातला समईचा उजेड समज. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आणि मग एका दालनात ते छोटं वॉटरकलर. चार्ल्स डूडिए म्हणून कॅनडाहून आलेला एक तरुण खाणवाला, त्याने १८५४ मध्ये स्वतःच्या स्केचबुकात काढलेलं. गोष्ट अशी की सरकारने सोनं खणायच्या लायसनला महिन्याला तीस शिलिंग लावले होते, सापडो न सापडो, आणि पोलीस लायसन बघायला येऊन माणसांची शिकार केल्यासारखी पकडापकडी करायचे. शेवटी खाणवाले उठले, निळ्या कापडावर पांढरा क्रॉस आणि पाच तारे असा स्वतःचा झेंडा शिवून घेतला, बायकांनीच शिवला असं सांगतात, आणि त्याच्याखाली शपथ घेतली. ती शपथ त्या चित्रात आहे. ३ डिसेंबरला पहाटे सैन्य आलं, अर्ध्या तासात खेळ खलास, निदान बावीस खाणवाले मेले. झेंडा एका पोलिसाने खांबावर चढून फाडून खाली आणला. पण पुढच्याच वर्षी लायसन गेलं आणि ज्यांच्यावर राजद्रोहाचे खटले भरले ते तेराच्या तेरा सुटले. आपल्या साताऱ्याच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटायला नको.

आता ऐक, माझा मुद्दा इथे आहे. तो झेंडा त्या पोलिसाच्या घरात चाळीस वर्षं पडून होता, किंग आडनाव त्याचं. तो गेल्यावर बायकोने १८९५ ला गॅलरीला वापरायला दिला. गॅलरीने घेतला पण आदर असा काही नाही, कोणी मोठा पाहुणा आला, कोणी फार कौतुक केलं की राखणदार त्यातला एक कापडाचा तुकडा काढून आठवण म्हणून द्यायचा! एका पत्रकाराला तर १९४० च्या दशकात असाच तुकडा दिला, आणि त्याच बिचाऱ्याने पुढे वर्षानुवर्षं खपून हा खराच युरेकाचा झेंडा आहे हे पटवत आणलं. कारण लोकांना खात्रीच नव्हती, कुठलं तरी चिरगूट म्हणायचे. शेवटची खात्री कधी पटली माहितीय? १९९६ ला, डूडिएची वही कॅनडात कोणाच्या तरी माळ्यावरून निघाली, लिलावात आली, गॅलरीने चित्रं घेतली, आणि चित्रातला झेंडा आणि गॅलरीतला झेंडा जुळले. २००१ मध्ये किंग घराण्याने मालकीही गॅलरीच्या नावावर केली.

म्हणून मी दुपारी युरेका सेंटरलाही गेले. अंधारी खोली, काचेमागे झेंडा, समईचा उजेड. अगं केवढा असेल, मूळचा चार मीटर लांब. आणि एका बाजूने नुसता खाल्लेला. जवळजवळ तिसरा हिस्सा नाहीच. मला वाटत होतं तो लढाईत फाटला असेल, गोळ्या लागल्या असतील, तशी शूर काहीतरी भोकं असतील. काही पराक्रमात गेला असेलही, पण बराचसा प्रेमाने गेला, आठवण म्हणून. लोकांच्या पाकिटात, फोटोच्या मागे, बायबलच्या पानांत. कधी कधी अजून एखादा तुकडा कुणाच्या घरातून परत येतो म्हणे. मी तिथे उभी राहिले आणि मला तुझा चुलतभाऊच दिसायला लागला, हातात मोजपट्टी.

तो वाईट माणूस नाही, मला माहितीय. प्रत्येक घराला मिळावं एवढंच त्याच्या मनात. पण चार फ्रेमांमधल्या एकीत चरखा येणार, बाकी तिघांना रंगीत खादी. पुढच्या पिढीतल्या कुणाला त्यावरून काय कळणार की हे एका झेंड्याचं आहे? तू त्याला सांग, आळीपाळीने एकेक वर्ष ठेवा, गणपतीसारखा. नाहीतर औंधच्या म्युझियमला विचारा.

औंध आठवतं ना? आठवीची सहल, यमाईच्या डोंगरावर चढताना तुझी चप्पल तुटली आणि आपण म्युझियममध्ये अनवाणी फिरलो. पंतप्रतिनिधींनी १९३८ ला बांधलेलं, एवढ्याशा संस्थानात रविवर्मा काय, हेन्री मूरचं आई-बाळ काय, आपल्याला तेव्हा काडीची किंमत नव्हती, आपण खिडकीतून बोरं विकणारी बाई शोधत होतो. बेचाळीसच्या भूमिगतांना याच औंध संस्थानाने आसरा दिलेला, म्हणजे झेंड्याला ती जागा परकी नाही. घेतील की नाही ते विचारल्याशिवाय कळणार नाही, पण विचारायला काय जातंय.

तोवर एवढं कर. धुवू नकोस, अगदी साध्या पाण्यानेही नाही. इस्त्री नाही, रफू नाही, सेलोटेप तर अजिबात नाही, लॅमिनेशनचं नाव कोणी काढलं तर घराबाहेर काढ. डांबरगोळ्या कापडाला लागून ठेवल्या असतील तर काढून टाक. घडीवरच कापड तुटतं, म्हणून घडी मोड, आणि स्वच्छ धुतलेल्या, खळ नसलेल्या मांजरपाटात घालून जाड पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळ, नळीला आधी कापड गुंडाळून घे. प्लॅस्टिकची पिशवी नको. पत्र्याची ट्रंक भिंतीला चिकटवून ठेवू नकोस, ओल लागते. आणि पणजोबांबद्दल काकूंना जे जे आठवतंय ते फोनवर रेकॉर्ड करून घे, कोणाबरोबर गेले होते, झेंडा कोणी शिवला, परत कसा आला. इथे त्या झेंड्याचं हेच झालं, कापड होतं पण हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं, माळ्यावरची वही निघेपर्यंत.

आजोबांना मी सोमवारी सांगितलं की झेंडा बघितला, पण तुम्ही म्हणालात तिथे नाही. मान्यच करेनात. म्हणाले तू चुकीच्या दारातून गेली असशील.

झेंड्याचे फोटो पाठव, दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता, आणि कुठे डाग असेल तर तो जवळून. मी डिसेंबरात येतेय, तिकीट झालंय. आल्यावर दोघी औंधला जाऊ, या वेळी चप्पल धड घालून ये.

तोवर घरातली मोठी कात्री लपवून ठेव.

तुझीच,
बुटकी