डिकीतल्या बॅटरीला अर्थ मिळवून देणाऱ्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली आणि त्या आनंदात तुमचे धड आभार मानायचेच राहिले. आज सविस्तर लिहितो. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो, कारण बॅटरी डिकीत हलवताना मी जे केलं तेच आणखी कितीतरी जण करत असतील.

बॉनेटखाली जागा हवी होती आणि पुढचं थोडं वजन मागे न्यायचं होतं. पॉझिटिव्हसाठी मी 50 चौरस मिलिमीटरची, पाच मीटर लांब तांब्याची केबल टाकली. लग, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्या, नीट दाबून बसवले, पत्र्यातून केबल जाते तिथे रबरी ग्रोमेट घातलं. सगळी काळजी त्या एका वायरीची. निगेटिव्हला मात्र हातभर तुकडा जोडला आणि डिकीतल्या एका तयार बोल्टवर आवळून टाकला. सगळी बॉडी लोखंडाचीच आहे, मग अर्थ, म्हणजे करंटला बॅटरीकडे परत जायची वाट, कुठेही मिळेल, असं मी धरून चाललो होतो.

सकाळी गाडी सुरू व्हायची. तापली की सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जड फिरायचा, कधी नुसता ‘टक्’ आवाज. मी बॅटरी बदलली, सेल्फ उघडून कार्बन ब्रश बदलून घेतले. फरक शून्य. मल्टिमीटर लावला की जोडणी सलग असल्याचा बीप वाजायचा, म्हणून अर्थवर संशयच आला नाही.

तुम्ही मीटर हातात घेतला आणि एवढंच म्हणालात, “बीप सोडा. सेल्फ चालू असताना व्होल्ट बघा.” त्या वाक्यासाठी मी तुमचा कायमचा ऋणी आहे. सेल्फ 150 अँपिअरच्या आसपास ओढत असेल, तर वाटेतला फक्त दहा मिलिओहमचा अडथळा दीड व्होल्ट खातो. आणि साध्या मीटरच्या प्रोबच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त असतो! ओहमच्या रेंजवर तो दोष दिसणार तरी कसा?

तुम्ही एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरा लांब वायर जोडून इंजिनच्या ब्लॉकवर ठेवायला सांगितलात. सेल्फ मारला तेव्हा आकडा आला 1.6 व्होल्ट. खरं तर तो अर्ध्या व्होल्टच्या खालीच हवा, 0.2 च्या आसपास असेल तर उत्तम. मग वाटेचे तुकडे पाडून मोजलंत: डिकीतल्या बोल्टपाशी 0.5, मागच्या पत्र्यापासून पुढच्या पत्र्यापर्यंत जेमतेम 0.1, आणि पुढच्या पत्र्यापासून इंजिनपर्यंत तब्बल 1.0.

तो शेवटचा आकडा पाहिल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून वेगळं. सेल्फच्या करंटची परतीची वाट त्याच्या स्वतःच्या अंगातून इंजिनवर येते. कंपनीने बॅटरीचं निगेटिव्ह एका जाड केबलने सरळ इंजिनवर नेलं होतं. ती केबल बॅटरीबरोबर मीच काढून ठेवली होती. मागे उरली ती एक बारीक, गंजलेली विणलेली पट्टी, आणि सेल्फचा सगळा करंट तिच्यावर. अशा वेळी करंट क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधूनही वाट काढतो आणि ती तापून जळू शकते, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी खरोखर घाबरलो.

डिकीतल्या बोल्टखालचा रंग तुम्ही पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा केलात, दातेरी वॉशर घातलात, आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावलंत. इंजिन ते बॉडी नवी 50 ची केबल टाकलीत. निगेटिव्हही पूर्ण लांबीने पुढे न्यायची का, असं मी विचारलं तेव्हा त्या 0.1 वर बोट ठेवलंत. पत्र्याची बॉडी धड आहे तर एवढं तांबं कशाला? फायबरची बॉडी असती तर गोष्ट वेगळी होती. पुन्हा मोजलं: 0.2.

फ्यूज नाही हे तुमच्या लगेच लक्षात आलं. ती पॉझिटिव्ह केबल कुठे घासून बॉडीला टेकली असती, तर शेकडो अँपिअर वाहून तिने पेट घेतला असता. आता बॅटरीला अगदी लागून फ्यूज आहे. बॅटरी घट्ट बांधलेल्या बंद पेटीत आहे आणि चार्जिंगचा हायड्रोजन नळीवाटे गाडीबाहेर जातो.

दुरुस्ती तर मोलाची होतीच. पण प्रत्येक वेळी प्रोब माझ्या हातात देऊन आकडा मला मोठ्याने वाचायला लावलात, ते मला जास्त मोलाचं वाटतं. घाईत असूनही तुम्ही तेवढा वेळ दिलात.

आता एका मित्राच्या गाडीची बॅटरी मागे न्यायची आहे. या वेळी एकही नट सोडवण्याआधी तिची निगेटिव्ह केबल कुठे कुठे जोडलेली आहे, ते कागदावर काढून ठेवलं आहे.

तुमचा आभारी,
डिकीत बॅटरीवाला