हसू कुठे संपते आणि हसे कुठे सुरू होते?

संपादक महोदय,

पडलेल्या माणसाला हसू नये, ही शिकवण आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते आणि जन्मभर मोडलेलीही असते. ती मोडणारा प्रत्येक जण निर्दय असतो, हे मला मान्य नाही; म्हणून हे पत्र.

आमच्या जुन्या मित्रमंडळाची बैठक चालू होती. आमच्यातले सर्वांत काटेकोर गृहस्थ उभे राहून मागील सभेचे इतिवृत्त वाचत होते. शेवटचा परिच्छेद वाचता वाचताच ते खाली बसायला गेले. पण दरम्यान त्यांची खुर्ची कोणीतरी उशिरा आलेल्या सदस्याला दिली होती. गृहस्थ थेट जमिनीवर बसले. चष्मा एका कानाला लोंबत राहिला, कागद मात्र दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर जसाच्या तसा धरलेला होता. क्षणभर खोलीत कोणाचा श्वासही ऐकू येईना. मग कागदाआडून आवाज आला, "इतिवृत्त सर्वानुमते मंजूर समजावे काय?" त्यानंतर आम्ही पोट धरून हसलो, आणि सर्वांत मोठ्याने तेच हसले.

त्या एका क्षणाच्या शांततेत माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. लागले तर नाही ना, हे आमची नजर तेव्हा तपासत होती. अपेक्षेचा ताण एकाएकी शून्यावर आला की हसू फुटते, असे तत्त्वज्ञ कांट यांनी १७९० मध्येच लिहून ठेवले आहे. मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी एक पाऊल पुढे जाऊन असा तर्क मांडला, की हसण्याचा आवाज म्हणजे मुळात भोवतालच्यांना दिलेली वर्दी असावी: धोका वाटला होता, पण तो खोटा निघाला, धावून येण्याचे कारण नाही. तसे असेल तर पडलेला माणूस स्वतःच आधी हसतो तेव्हा ती वर्दी सर्वांत खात्रीच्या जागेवरून आलेली असते, आणि मग इतरांना परवानगी मागावी लागत नाही.

फ्रेंच विचारवंत बर्गसाँ यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या हास्यावरील निबंधात रस्त्यात ठेचकाळणाऱ्या माणसाचेच उदाहरण घेतले आहे. परिस्थिती बदलली तरी शरीर यंत्रासारखे जुनेच काम करत राहते, याचे आपल्याला हसू येते, हे त्यांचे निरीक्षण आमच्या मित्राच्या हातातील कागदाला तंतोतंत लागू पडते. मात्र हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, हे त्यांचे म्हणणे मित्रांच्या बाबतीत मला पटत नाही. तिथे हृदयाने चौकशी आधीच उरकलेली असते.

या हसण्याने माणसे जवळ येतात, याला अनुभवापलीकडेही आधार आहे. हास्याचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणांनुसार माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट सोबतीत हसतो, आणि बहुतेक हसणे विनोदावर नव्हे तर अगदी साध्या वाक्यांवर येते. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार व त्यांच्या सहकाऱ्यांना एकत्र हसलेल्या लोकांची वेदना सहन करण्याची क्षमता वाढलेली आढळली. हसताना मेंदूत स्रवणाऱ्या एंडॉर्फिन या वेदनाशामक रसायनाशी त्यांनी याचा संबंध जोडला. माकडे एकमेकांचे केस विंचरून, उवा वेचून जे नाते जपतात ते एका वेळी एकाशीच जपता येते. हसण्यात तीन-चार जण एकदम सामावतात, असेही डनबार सांगतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात २४ वेगवेगळ्या समाजांतील लोकांना दोघांच्या एकत्र हसण्याचा जेमतेम सेकंदभराचा आवाज ऐकवण्यात आला. हसणारे मित्र आहेत की अनोळखी, हे त्यांनी नुसत्या अंदाजाने आले असते त्याहून अधिक वेळा बरोबर ओळखले.

अर्थात, मस्करीची कुस्करी व्हायला वेळ लागत नाही. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला, त्याला इजा काहीच झाली नाही, तरी भीमादी पांडवांच्या हसण्यात त्याला जागा नव्हती आणि ते हसणे त्याच्या मनात कायमचे सलत राहिले. मराठीने हा भेद फार नेमका टिपला आहे: एखाद्याला पाहून हसू येणे वेगळे आणि एखाद्याचे हसे होणे वेगळे. भ्रमणध्वनीवरून दिवसरात्र फिरणाऱ्या 'गमतीदार' चित्रफितींविषयी माझी तक्रार नेमकी हीच आहे. माणूस आपटतो त्याच क्षणी चित्रफीत संपते. तो उठला की नाही, हसला की कळवळला, हे दाखवण्याची तसदी कोणी घेत नाही. चौकशीचा तो क्षणच कापून टाकलेला असतो, आणि ज्याच्यावर हजारो अनोळखी लोक हसतात त्याला आपण हसण्याचा विषय झालो आहोत याचा बहुधा पत्ताही नसतो. अशा फिती संकेतस्थळांवर देणाऱ्या वृत्तमाध्यमांनी निदान पुढची दहा सेकंदे दाखवावीत आणि त्या माणसाची संमती घ्यावी, एवढी माझी विनंती आहे.

आमचे मित्र आता बसण्यापूर्वी मागे हात नेऊन खुर्ची चाचपतात. तेवढा वेळ आम्ही सगळे गंभीर चेहऱ्याने थांबतो, आणि ते स्थानापन्न झाले की कोणीतरी विचारतेच, "मंजूर?"

आपला,
एक नियमित वाचक